रेसचा स्क्रू आणि सिस्टरचा पाय

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत नाव घातलं होतं, पण शाळेच्या वाटेवर एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा बसायचा आणि माझी वाट तिथंच संपायची. म्हणून लिहिताना एखादा काना-मात्रा इकडचा तिकडं झाला तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. गाडीच्या बाबतीत मात्र मला कुणी सांभाळून घेतलेलं चालत नाही. आजही नाही.

दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या थोडं अलीकडे, रस्त्यापासून खाली उतरून माझं पत्र्याचं शेड आहे. पाटी लावलेली नाही. पाटीची गरज पडली नाही. माझी ओळख माझ्या कानावर होती. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग रडतंय, कुठला व्हॉल्व्ह सैल आहे, हे मी बोनेटमध्ये पाना न घालता सांगायचो. अडचणीच्या जागी स्क्रूड्रायव्हर पोचत नाही, तिथं दोन हात लांबीची रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं इंजिनात. पोरं हसायची, म्हणायची डॉक्टर आला. मी म्हणायचो, हो आलो, आता जीभ दाखवा.

डावा कान एकलहऱ्याला गेला. वीज केंद्रात मी सहा वर्षं कंत्राटावर फिटर होतो, त्या घरघरीत त्याचा जीव गेला. उजवा शाबूत होता. गेल्या तीन-चार वर्षांत तोही उतरत चालला, पण ते मी मान्य केलं नव्हतं. घरी टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि बायको ओरडली की म्हणायचं, हल्ली टीव्हीवाले हळूच बोलतात.

तर ही गोष्ट तेव्हाची.

एक सिस्टर माझ्याकडे गाडी घेऊन आली. दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या बागांच्या आत एक आरोग्य उपकेंद्र आहे, तिथली नर्स. एसटी फाट्यावर सोडते, तिथून आत अडीच किलोमीटर चालत. तिचे मालक ओझरच्या कारखान्यात होते, ते वारले. त्यांची पांढरी गाडी दोन वर्षं कापडाखाली उभी होती. मग या बाईनं बावन्नाव्या वर्षी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, लायसन काढलं आणि गाडीवरचं कापड काढलं. हे सगळं तिनं मला उभ्या उभ्या सांगितलं. सांगताना किल्ली मुठीत अशी धरली होती, जशी एखादी वस्तू कुणी मागून घेईल म्हणून धरावी.

"सिग्नलला थांबले की गाडी आपोआप गुरगुरते," ती म्हणाली. "मग एकदम खाली बसते. परत वर. आणि कधी कधी बंदच पडते. मागचे हॉर्न मारतात, मग मला काही सुचत नाही."

"रेस वर-खाली होते म्हणा की."

"हो. आणि मिस्त्री, एक आवाज येतो. बारीक. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तसा."

मी बोनेट उघडून उजवा कान आत दिला. इंजिन डुलत होतं ते दिसत होतं. वाफेबिफेचा आवाज मला काही आला नाही.

"असा आवाज नाय येत, सिस्टर. पंख्याचा असंल."

"पंखा तर अजून सुरूच नाही झाला."

"मग बेल्टचा."

"बेल्टचा असा येतो?"

"सिस्टर, तुम्ही सुई टोचता तेव्हा कुठं टोचायची ते मी सांगतो का?"

ती हसली. मला वाटलं, बरं बोललो.

आता मी काय केलं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना रेसचा एक स्क्रू असतो. उभी गाडी बंद पडायला लागली की तो स्क्रू थोडा आवळायचा, हवेची झडप जराशी उघडी राहते, रेस वर येते, काम झालं. चाळीस वर्षं मी हेच केलं. सिस्टरची गाडी जुनी असली तरी कॉम्प्युटरची. तिच्याही झडपेला एक स्क्रू असतो, पण तो कंपनीतून बसवून येतो, त्यावर नट असतो आणि नट-स्क्रू दोन्हींवर मिळून एक पिवळ्या रंगाचा ठिपका. म्हणजे हात लावू नका. मला तो ठिपका दिसला होता. मी मनात म्हणालो, कंपनीच्या पोरांनी मला शिकवू नये. नट सोडला, स्क्रू दीड आटा आत फिरवला, नट आवळला. रेस वर आली, गाडी बंद पडायची थांबली. सिस्टरच्या चेहऱ्यावर इतकं हसू की मी चहा मागवला.

आठ दिवसांनी ती परत आली. आता मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला. रेस पहिल्यापेक्षा जास्त नाचत होती. कधी एवढी चढायची की ब्रेकवरून पाय काढला तर गाडी पुढच्याच्या अंगावर जाईल, कधी बसायची आणि बंद. मी प्लग काढून घासले. एअर फिल्टर झटकला. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली, म्हणजे कॉम्प्युटर झोपतो आणि उठल्यावर दिवा विसरतो. दिवा गेला. तिसऱ्या दिवशी परत लागला, सिस्टर परत आली.

त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता. पुलाच्या चढावर गाडी बंद पडली होती. मागून एक रिक्षावाला ओरडला की बाई, स्वयंपाकघरात गाडी चालवा. तिनं ते मला सांगितलं तेव्हा तिला हसायचं होतं, पण जमलं नाही.

"माझा मुलगा पुण्याला असतो," ती म्हणाली. "तो म्हणतो, आई, गाडी ठीक आहे, तुलाच क्लच जमत नाही. विकून टाकू. येत्या रविवारी येतोय. चार वाजता गिऱ्हाईक येणार आहे."

मी फडक्याला हात पुसत राहिलो.

"मिस्त्री, खरं सांगा. खोट गाडीत आहे का माझ्यात? माझ्यात असली तर मी किल्ली देऊन टाकीन. मला नुसतं कळू दे."

इथं मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. गाडीत मला काही सापडत नव्हतं, आणि मला सापडत नाही हे तोंडातून निघत नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "गाडीत तर मला काय दिसत नाय, सिस्टर. क्लच जरा हळू सोडत जा."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. पहिल्या दिवशी तिच्याकडे विचारायला दहा गोष्टी होत्या, त्या दिवशी एकही नव्हती.

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला गाडी शेडपाशी उतरली. गाडी मुलगा चालवत होता, सिस्टर शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसलेली. मुलगा चांगला होता, उगाच वाईट कशाला लिहू. बुटांना ऑइल लागेल याची काळजी न करता सरळ आत आला.

"काका, आई म्हणाली एकदा शेवटचं तुम्हाला दाखवू. घेणारा माणूस दिवा बघून नाही म्हणेल. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडूनही सिग्नलला दोनदा बंद पडली."

"तुमच्याकडून पडली?" मी विचारलं.

"हो, पण मला रोजची सवय नाही ना गाडीची."

सिस्टर मागून म्हणाली, "मलाही नव्हती रे."

तो कान खाजवत समोर बघायला लागला. रस्त्याच्या पलीकडे वायरिंगवाल्याचं दुकान आहे. पंचेचाळिशीचा माणूस, हुशार, त्याच्याकडे स्कॅनर आहे. सहा वर्षांपूर्वी त्यानं तो डबा आणला तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, आता गाड्यांची कुंडली मांडणार. तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. बोलायचो ते रस्त्याच्या दोन बाजूंनी, आणि टोमणेच.

"त्यांना बोलवू का?" मुलानं विचारलं.

मी हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. तो जाऊन घेऊन आला.

"काय बाबा," वायरिंगवाला आत येत म्हणाला, "आज कानाला सुट्टी काय?"

"तुझ्या डब्याला पोटाला मिळावं म्हणून बोलवलं."

"बरं केलं. सकाळपासून उपाशी हाय."

त्यानं स्टिअरिंगखाली वायर लावली. सिस्टरला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, गाडी सुरू करायला सांगितली. स्वतः बाहेर उभा राहून पडद्यावर बघत होता.

"दोन फॉल्ट दाखवतंय. एक म्हणजे इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी. दुसरा झडपेचा. थांबा." त्यानं कपाळाला आठी घातली. "मॅडम, रेसवरून पाय काढा."

"पाय नाहीये रेसवर."

"थोडासा आहे. पूर्ण काढा."

"अहो काढलाय."

"आई, काढ ना पाय," मुलगा म्हणाला. "बघ, हेच मी म्हणत होतो. तुला कळत नाही आणि तू दाबून ठेवतेस. मशीन खोटं सांगत नाही."

"दाबलेलाच दाखवतंय, मॅडम," वायरिंगवाला म्हणाला. त्याला त्यात कुणाला दुखवायचं नव्हतं. पडद्यावर होतं ते तो वाचत होता.

मी गाडीच्या उघड्या दाराजवळ उभा होतो. मी खाली बघितलं. सिस्टरनं दोन्ही पाय पेडलपासून मागे घेऊन सीटखाली ओढून धरले होते. ड्युटीवरच्या पांढऱ्या चपला, एकीवर एक. टाचा सीटच्या पत्र्याला टेकलेल्या. यापेक्षा मागे पाय न्यायला जागा नव्हती. आणि ती खाली न बघता समोरच्या काचेतून बघत होती. तिला स्वतःच्याच पायाची खात्री राहिलेली नव्हती.

मला तिथल्या तिथं कळलं. तो पाय माझा होता. स्क्रू दीड आटा आत गेला, झडप तेवढी उघडी राहिली, आणि कॉम्प्युटरला रात्रंदिवस वाटत होतं की बाईनं रेस दाबलेली आहे. गाडी उभी आहे हे त्याला कळतच नव्हतं, म्हणून उभ्या गाडीला सांभाळायचं काम तो करत नव्हता. एवढं सगळं समजायला मला शाळा लागली नाही. पडदाही वाचता आला नाही. चपला दिसल्या तेवढं पुरलं.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. चार वाजता गाडी गेली असती, सिस्टर फाट्यावरून चालत गेली असती, आणि माझं नाव तसंच राहिलं असतं. हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी लिहिणार नाही. आला होता.

"पाय मागंच हाय त्यांचा," मी म्हणालो. "वाकून बघ."

मुलगा वाकला. वायरिंगवाला पण वाकला. दोघं तसेच सरळ झाले.

"मग हे दाबलेलं कसं काय?" वायरिंगवाला म्हणाला.

"मी दाबलंय. झडपेचा कंपनीचा स्क्रू मी दीड आटा फिरवला. पिवळा ठिपका फोडून."

गाडी तेवढी वर-खाली होत होती. मी वाटच बघत होतो, आता सहा वर्षांच्या टोमण्यांचं व्याज येईल. पण वायरिंगवाल्यानं खिशातून टॉर्च काढला आणि म्हणाला, "ठिपक्याची खूण राहिली असंल नटावर. मी उजेड धरतो. तुम्ही फिरवा, बाबा. तुमच्याच हाताला माहीत किती फिरवलाय ते."

गाडी बंद केली. नट सोडला, स्क्रू दीड आटा मागे घेतला. फुटलेल्या ठिपक्याचे दोन अर्धे समोरासमोर आले. परत सुरू केली. पडद्यावर पाय सुटलेला दिसला, आणि सिस्टरनं इतक्या वेळानं चपला पुढं घेतल्या.

पण गाडी पहिल्या दिवसासारखी वर-खाली होतच होती. म्हणजे माझी चूक निघाली, आता मूळ दुखणं राहिलं. हवा जास्त आहे, असं डबा सांगत होता. कुठून जास्त, ते डब्याला माहीत नव्हतं. कुठूनतरी चोरून आत जात होती, आणि चोरून जाणारी हवा आवाज करते.

"सिस्टर," मी म्हणालो, "तो कुकरसारखा आवाज अजून येतो का?"

"येतोय की. आत्ताही येतोय."

"मला येत नाय."

हे मी पहिल्यांदा बोललो. घरी बायकोपुढं सुद्धा बोललो नव्हतो.

"कधीपासून येत नाही?" तिनं विचारलं. मिस्त्रीला विचारावं तसं नाही, पेशंटला विचारावं तसं.

"डावा लय दिवसांपासून. उजवा हल्ली."

"तपासून घ्यायचं. मंगळवारी केंद्रावर या, चिठ्ठी देते." मग ती गाडीतून उतरली. "नळी आहे ना तुमच्याकडे? आणा. मी बायकांच्या पोटाला नळकांडं लावून बाळाचे ठोके ऐकते. तीस वर्षं झाली."

मी माझी रबरी नळी काढली, टोक स्वच्छ फडक्यानं पुसलं. एक टोक तिच्या कानात, दुसरं माझ्या हातात. पंख्यापासून आणि बेल्टपासून पदर लांब ठेवा म्हणालो, तर तिनं पदर आधीच खोचलेला. मी टोक एकेका पाइपवरून हळूहळू फिरवायला लागलो. ती डोळे मिटून उभी.

"नाही. इथं नाही. थोडं मागे. अजून मागे. खालून घ्या. थांबा." तिनं हात वर केला. "इथं आहे. एकदम स्पष्ट."

इंजिनाच्या मागच्या अंगाला एक बोटभर जाडीची रबरी पाइप असते, ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याकडे जाणारी. तिच्या तोंडाशी, क्लिपच्या अगदी मागे, खालच्या बाजूनं रबर चिरलेलं होतं. वरून बघितलं तर नवी दिसावी. मी अंगठ्यानं चीर दाबली. रेस जागच्या जागी थांबली. सोडली, परत नाचायला लागली. दाबली, थांबली.

"थांबला आवाज," सिस्टर म्हणाली.

मुलगा बोनेटवर हात टेकून बघत होता. तो हळूच म्हणाला, "आई, तू हे पहिल्या दिवशी सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं."

"मी बेल्टचा आवाज म्हणालो होतो," मी म्हणालो. दोन चुका कबूल केल्या होत्या, तिसरी कशाला लपवायची.

रविवार होता, पार्टची दुकानं बंद. पण चीर तोंडाशीच होती आणि पाइपला थोडी ढील होती. गाडी बंद करून चिरलेला तेवढा तुकडा कापून टाकला, उरलेली पाइप ओढून नीट बसवली, क्लिप नवीन लावली. सिस्टरला सांगितलं, ही ब्रेकची पाइप हाय, तेव्हा हे उद्यापुरतं. उद्या संध्याकाळी केंद्रावरून येताना गाडी इकडं आणा, नवीन टाकून देतो. ब्रेक दाबून बघितला, दोनदा नाही, दहादा. वायरिंगवाल्यानं डब्यातून दोन्ही फॉल्ट पुसले. दिवा गेला. तो वायर गुंडाळत म्हणाला, "बाबा, कुंडली जुळली म्हणायची."

"जुळली. आता चहा पिऊन जा."

तो पहिल्यांदाच माझ्या शेडातल्या बाकावर बसला.

मुलानं घड्याळ बघितलं. "त्या चारच्या माणसाला काय सांगू?"

"सांग, आईला सोमवारी लसीकरणाची ड्युटी आहे," सिस्टर म्हणाली. "गाडी लागेल."

"आई, पण तो पुलाचा चढ."

"चल की मग, तुझ्यासमोर चढवते."

माझ्या शेडापासून रस्त्यापर्यंत खडा चढ आहे. पुलाच्या चढापेक्षा वाईट. चांगले चांगले तिथं गाडी बंद पाडतात. मुलगा शेजारच्या सीटवर बसला, हात गुडघ्यांवर. सिस्टरनं गाडी चढाच्या मध्यापर्यंत नेली आणि तिथंच थांबवली, कारण वरच्या रस्त्यावरून द्राक्षाच्या क्रेट भरलेली पिकअप चालली होती. हँडब्रेक ओढला. मी मागोमाग चालत गेलो होतो.

गाडी उभी होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. चालू आहे का बंद पडली, ते कळेना. उजवा कान पुढं केला, तरी कळेना. म्हणून बोनेटच्या कडेवर तळहात ठेवला. पत्र्यातून बारीक थरथर येत होती, एकसारखी, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. पण ती गाडीची का माझ्या हाताची, याची खात्री होईना.

सिस्टरनं काचेतून माझ्याकडे बघितलं. मला काय हवंय ते तिला समजलं असावं. तिनं काच खाली केली आणि जरा मोठ्यानं, सावकाश म्हणाली, "चालू आहे, मिस्त्री."

मी हात काढला. तिनं क्लच सोडला, तिला येत होता तसाच, आणि गाडी चढून रस्त्याला लागली.